बिऱ्हाड पाठीवर : मुलांसह सिंहलद्वीपांत



‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा थोड्या हेटाळणीनें वापरतों. ज्याला ठावठिकाणा नाहीं, सामानसुमान नाहीं, अशा मनुष्याविषयीं ती म्हणावयाची. पण अलीकडे कित्येक तरुण मंडळी बुद्धिपुरस्सर असें बिऱ्हाड पाठीवर घालून देशोदेशीं हिंडतात. या रीतीला ‘बॅकपॅकिंग’ असें नांव आहे. एक सॅक पाठीवर टाकावयाची, सहल काढणाऱ्या कंपनीच्या नादीं लागावयाचें नाहीं, साध्या घरगुती खोलींत उतरावयाचें, लोकांच्या बसगाड्यांतून व आगगाड्यांतून जावयाचें, आणि तेथील सामान्य माणूस जें खातो तेंच खावयाचें, असा हा प्रकार. एकट्यादुकट्या तरुणाला तो शोभतो. परंतु बरोबर लहान मुलें असतील आणि खिसा मध्यम स्थितींतल्या गृहस्थाचा असेल, तर तो साधतो काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार विद्वत्तेचा नाहीं. मी मॅट्रिक झालों, शिक्षकी पत्करली आणि कांहीं वर्षांपूर्वीं निवृत्त झालों. भूगोल शिकवितांना नकाशावर छडी फिरवून मीं पृथ्वीप्रदक्षिणा शेकडों वेळां केली. पण स्वतः समुद्र ओलांडला तो वयाची साठी उलटल्यावर. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत मी, माझी पत्नी, आमची कन्या आणि तिचीं दोन मुलें, नात अकरा वर्षांची व नातू सात वर्षांचा, असे पांच जण तेरा दिवस श्रीलंकेंत राहून आलों. जावईबापूंना रजा मिळाली नाहीं. या तेरा दिवसांत मला जें कळलें, त्यांतलें निम्में माझ्याच एका चुकीमुळें कळलें. ती चूक मी आपणांपासून लपवून ठेवणार नाहीं.

लंकाच कां, असें पुष्कळांनीं विचारलें. मुलांना घेऊन पहिलाच परदेशप्रवास करावयाचा, तर देश जवळचा असावा, लहान असावा, आणि तेथें आगगाडी असावी. मुंबईहून विमान सुमारें अडीच तासांत कोलंबोस पोंचतें. बेट इतकें आटोपशीर आहे कीं, त्याची दक्षिणोत्तर लांबी अवघी ४३० किलोमीटरच्या आसपास भरते. आगगाडी तेथें १८६४ सालीं सुरू झाली, आणि तिच्या दोन रुळांमधील अंतर आपल्या मोठ्या मार्गाप्रमाणेंच साडेपांच फूट आहे. एके काळीं तर मद्रासेस गाडींत बसून लंकेस जातां येत असे. १९१४ पासून आगगाडीनें धनुष्कोडीपर्यंत, तेथून आगबोटीनें पलीकडच्या तलैमन्नार बंदरास, आणि पुढें पुन्हां आगगाडीनें कोलंबोस असा तो मार्ग होता. १९६४ च्या डिसेंबरांतील चक्रीवादळानें धनुष्कोडीच उद्ध्वस्त झाली आणि तो मार्ग संपला. २०२३ सालीं नागपट्टणम् ते कांकेसन्तुरै अशी प्रवासी बोट निघाली, पण ती मध्यें मध्यें बंद राहिली आहे. तिच्या भरंवशावर मुलांचा बेत आखूं नये.

आतां खर्चाकडे वळूं. आम्ही शाळेंत त्रैराशिक शिकवितों : पांच मजुरांना इतकी मजुरी, तर वीस मजुरांना किती? प्रवासाचा खर्च या त्रैराशिकांत बसत नाहीं. समजा, एका कुटुंबाला विमानभाडें एक लक्ष रुपये पडलें आणि तेथील खाणेंराहणें रोजचे पांच हजार रुपये. तें कुटुंब पांच दिवसांत परतलें तर एका दिवसाचा खर्च पंचवीस हजारांवर जातो. वीस दिवस राहिलें तर तोच दहा हजारांवर येतो. शिवाय दर वेळीं गांव बदललें कीं गाडीभाडें, स्थानकापासून रिक्षा, आणि भुकेल्या मुलांसाठीं हाताशीं येईल त्या भावानें घेतलेलें खाणें, हा भुर्दंड ठरलेला. एकाच घरीं चार रात्री राहणाऱ्यास खोलीच्या भाड्यांतही सूट मिळते. म्हणजे स्वस्ताई मुक्कामांत आहे, धांवपळींत नाहीं. हा हिशेब मीं निघण्यापूर्वीं मांडला असता तर फार बरें झालें असतें. मीं तो तेथें, एका आजारी मुलाच्या उशाशीं बसून मांडला.

निघण्यापूर्वीं मीं काय केलें? तर वेळापत्रक केलें! चौतीस वर्षें तासांची घंटा ऐकलेला मनुष्य दुसरें काय करणार? आंखीव कागदावर तांबड्या व निळ्या शाईनें मीं तेरा दिवसांत नऊ गांवें बसविलीं. अनुराधपुर, पोलोन्नरुव, दम्बुल्ला, सिगिरिया, कॅण्डी, नुवर एलिया, एल्ला, याळचें अरण्य आणि गाले येथील समुद्रकांठचा किल्ला. कन्या म्हणाली, “बाबा, मुलें दमतील.” मीं म्हटलें, “दमतील तर झोंपतील.” ती गप्प बसली.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत सांगतों. लहान मुलाचा पासपोर्ट आपल्याकडे सामान्यतः पांचच वर्षें चालतो, आणि बहुतेक देश प्रवेशाच्या दिवशीं त्याची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असल्यानें आपण निर्धास्त असतों आणि नेमका मुलाचा संपलेला निघतो. आईबापांपैकीं एकच जण बरोबर असेल, तर दुसऱ्याची संमति असल्याचें पत्र नोटरीपुढें करून बरोबर ठेवावें. आमचें कोणीं पाहिलें नाहीं. पण विमानतळावरील अधिकाऱ्यानें मागितलें असतें, तर पुण्यास बसलेल्या जावईबापूंना तेथें कोठून उभें करणार? व्हिसाचे नियम व दर तेथील सरकार वारंवार बदलतें. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबूं नये. त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावें, आणि मध्यस्थी करून जास्त पैसे उकळणाऱ्या सारख्या नांवांच्या जागांपासून सावध राहावें. प्रवासाचा विमा मात्र मुलांसह सर्वांचा उतरावा.

सामानाची गोष्ट मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. २०२० सालच्या शालेय दप्तरविषयक सरकारी धोरणांत दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या एकदशांश असावें असें सांगितलें आहे. तोच नियम आम्हीं सॅकला लावला. नातवाचें वजन बावीस किलो, म्हणून त्याच्या पाठीवर दोन किलोंहून अधिक कांहीं नाहीं : एक सदरा, एक चड्डी, पाण्याची बाटली, पत्त्यांचा जोड आणि त्याचें लाडकें कापडी माकड. त्या माकडाला मीं विरोध केला होता. पुढें रुग्णालयांत तेंच उपयोगी पडलें. मोठ्यांच्या सॅका सात किलोंच्या आंत बसविल्या, म्हणजे विमानांत हातांतच नेतां येतात आणि सामानाचें वेगळें भाडें पडत नाहीं. प्रत्येकीं अंगावरचा एक व सॅकेंतले दोन असे कपडे, धुण्याच्या साबणाची वडी आणि दहा हात सुतळी एवढें असलें कीं परीट लागत नाहीं. मुलांच्या गळ्यांत शिटी होती, आणि खिशांत उतरण्याच्या घराचा पत्ता सिंहली लिपींत लिहिलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी प्रत्येक गांवीं घरमालकाकडून नवी लिहून घ्यावी. औषधांत क्षार-साखरेच्या ओआरएसच्या पुड्या, तापाचें औषध मुलाच्या वजनाप्रमाणें डॉक्टरांकडून मात्रा लिहून घेतलेलें, आणि डांस न चावण्याचें मलम. तिकडे डेंग्यू आपल्यासारखाच आहे. पुड्या माझ्या पत्नीनें घेतल्या. माझ्या यादींत त्या नव्हत्या.

कोलंबोजवळच्या नेगोम्बोस एक रात्र काढून आम्ही आगगाडीनें कॅण्डीस गेलों. तळें आणि दंतधातूचें मंदिर पाहिलें. बुद्धाच्या दांताला तेथें ‘दळदा’ म्हणतात, हें ऐकून नातवानें स्वतःचा हालणारा दांत दाखवून आपलाही दळदा पडणार असल्याचें पुजाऱ्याच्या सहाय्यकास मराठींत सांगितलें. कॅण्डीची हवा थंड, मुलें खुशींत. माझ्या वेळापत्रकावर दोन दिवस तांबड्या खुणा झाल्या. तिसऱ्या दिवशीं लाल सरकारी बसनें दम्बुल्ल्यास उतरलों. या बसगाड्यांतील अगदीं पुढची बैठक भिक्षूंसाठीं राखलेली असते. आमचीं मुलें तींतच जाऊन बसलीं, आणि वाहकानें हसत त्यांना उठवून एंजिनाजवळच्या फळीवर बसविलें. तेथून त्यांना सबंध रस्ता दिसला. दम्बुल्ल्याचीं लेणीं पाहून रात्रीं सिगिरियाच्या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं खोली घेतली.

दुसरा दिवस १३ एप्रिलचा. सिगिरिया म्हणजे सपाट अरण्यांतून एकाएकीं उठलेला सुमारें दोनशे मीटर उंचीचा कातळ. पांचव्या शतकांत कश्यप राजानें त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जाण्यास बाराशेंच्या घरांत पायऱ्या आहेत. सार्क देशांच्या नागरिकांना पासपोर्ट दाखविल्यास तिकिटांत मोठी सवलत मिळते, हें ध्यानांत ठेवावें. याहून ध्यानांत ठेवण्याजोगें हें कीं, येथें पहांटे दार उघडतांच जावें. आम्ही न्याहारी, धुणें आणि माझें टिपण आटोपून साडेदहाला पायथ्याशीं पोंचलों. एप्रिलांत सूर्य त्या बेटाच्या बरोबर डोक्यावर येतो. हें भूगोलाच्या पुस्तकांत मीं कैक वेळां शिकविलें आहे.

अर्ध्याहून अधिक चढल्यावर एक चौथरा लागतो. तेथें दगडांत कोरलेले सिंहाचे दोन प्रचंड पंजे आहेत, आणि त्यांच्यामधून शेवटचा जिना वर जातो. तेथें नातू खालीं बसला. म्हणाला, “आजोबा, माझे पाय चालत नाहींत.” अशा वेळीं ‘पाय चालत नाहींत’ म्हणणारीं मुलें माझ्या वर्गांत दरवर्षीं असत, आणि त्यांना उभें करण्याचा एक ठराविक आवाज मजपाशीं आहे. त्या आवाजांत मीं म्हटलें, “ऊठ. इतकें आलास, आतां थोडें राहिलें.” तो उठला. कांहीं पायऱ्यांवर पुन्हां तेंच म्हणाला; मीं त्याचा हात धरला आणि चढविला. माथ्यावर त्यानें कांहीं पाहिलें नाहीं. भिंतीच्या सांवलींत बसून राहिला. चेहरा लाल झाला होता. उतरतांना त्याला उलटी झाली, खोलीवर आल्यावर आणखी तीन, आणि जुलाब सुरू झाले.

येथें एक गोष्ट आईबापांना स्पष्ट सांगणें जरूर आहे. लहान मुलाला उलट्याजुलाब झाले असतां पहिला धोका जंतूंचा नव्हे, शरीरांतलें पाणी व क्षार निघून जाण्याचा असतो. ओआरएसची पुडी वर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यांत सबंध विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजानें घालूं नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मीठ जास्त झालें तर अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें पाजावें. पेलाभर एकदम दिलें कीं तें परत येतें. आणि मूल निपचित पडूं लागलें, डोळे खोल गेले, रडतांना अश्रु येईनात, किंवा सहा तास लघवी झाली नाहीं, तर घरगुती उपाय पुरे करून डॉक्टर गांठावा. यांपैकीं शेवटची खूण माझ्या पत्नीच्या ध्यानांत आली. चार वाजले असतील. ती म्हणाली, “अहो, हा सकाळपासून एकदांही बाहेर गेलेला नाहीं.”

आतां योगायोग असा कीं, १३ व १४ एप्रिल हे सिंहली व तमिळ नववर्षाचे दिवस. मीं वेळापत्रक केलें तें पुस्तकावरून. पंचांग पाहिलें नव्हतें. जुनें वर्ष संपून नवें लागतें त्या मधल्या कांहीं तासांना ते लोक ‘नोनगतय’ म्हणतात. त्या वेळांत चूल पेटवीत नाहींत, कामधंदा करीत नाहींत, देवदर्शनांत काळ घालवितात. दुकानें बंद, बसगाड्या जवळजवळ नाहींतच. तेथें १९९० हा क्रमांक फिरविला असतां रुग्णवाहिका विनामूल्य येते. ही सेवा २०१६ सालीं भारत सरकारच्या अनुदानानें सुरू झालेली आहे. परंतु तें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. घरमालक पांढरें वस्त्र नेसून देवळांत निघाला होता. त्यानें मुलाकडे एकदां पाहिलें आणि आपली तीनचाकी रिक्षा बाहेर काढली. आजच्या वेळांत काम करीत नाहींत ना, असें मीं संकोचानें विचारलें. तो मोडक्या इंग्रजींत म्हणाला, “हें काम नव्हे.”

सरकारी रुग्णालय उघडें होतें. तेथील डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनीं नातवाच्या पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली, जीभ पाहिली आणि शिरेंतून सलाइन लावलें. सुई टोंचतांना माकड त्याच्या दुसऱ्या हातांत होतें. मग त्यांनीं विचारलें कीं मूल उन्हांत किती वेळ होतें, आणि त्यानें त्रास होत असल्याचें आधीं सांगितलें होतें काय. मला इंग्रजी कळत नव्हतें असें नाहीं. पण मीं उत्तर दिलें नाहीं. नातीनें आपल्या शाळेंतल्या इंग्रजींत सांगितलें, “तो दोनदां म्हणाला होता.”

रात्रीं त्याला खोलीवर आणलें. दर पांच मिनिटांनीं दोन चमचे पाजावयाचे आणि लघवीची वेळ टिपून ठेवावयाची, असें डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें होतें. कन्येनें कागद मागितला. माझ्या खिशांत होता तो एकच. तिनें वेळापत्रक पालथें घातलें आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आंखले. तो कागद अजून घरीं आहे. एका बाजूस तांबड्यानिळ्या शाईंत नऊ गांवें आहेत, आणि दुसऱ्या बाजूस पेन्सिलीनें रात्रभरच्या चमच्यांचा हिशेब.

सकाळीं त्याला भूक लागली. घरमालकीण केळीच्या पानावर नववर्षाचा प्रसाद घेऊन आली : तांदुळाच्या पिठाचे व काकवीचे तळलेले ‘कॅवुम्’, चक्रीसारखे कुरकुरीत ‘कोकिस्’, आणि नारळाच्या दुधांत शिजवून थापलेल्या पांढऱ्या भाताच्या वड्या. त्यांना ‘किरिबत’ म्हणतात. नातवाला तळलेलें वर्ज्य. त्यानें किरिबताची एक वडी खाल्ली. मीं शब्द उच्चारून पाहिला आणि माझ्यांतला मास्तर जागा झाला. ‘किरि’ म्हणजे क्षीर, आपली खीर. ‘बत’ म्हणजे भात! सिंहली ही आपल्याच कुळांतली भाषा आहे. फक्त ती समुद्रापलीकडे गेल्यावर तिचे ‘भ’, ‘ध’ यांसारखे जड उच्चार हलके झाले आणि पुष्कळ ठिकाणीं ‘स’चा ‘ह’ झाला. मीठ तें ‘लुणु’, म्हणजे आपलें लोण. मिरची ती ‘मिरिस्’. गांव ‘गम’, कान ‘कन’, हात ‘अत’, दांत ‘दत’. आणि अंक तर पाहा : एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. ‘हय’ म्हणजे सहा आणि ‘हत’ म्हणजे सात, हें नातीनें न सांगतां ओळखलें.

आम्ही त्या खेड्यांत आणखी तीन दिवस राहिलों; कारण मुलाला विश्रांति हवी होती आणि बसगाड्याही धड सुरू झाल्या नव्हत्या. वेळापत्रकाप्रमाणें हे दिवस वायां गेले. परंतु मुलांना आज कोणीं विचारलें कीं लंकेंत काय पाहिलें, तर तीं याच दिवसांविषयीं बोलतात. घरमालकाचीं तीन मुलें होतीं. अंगणांत क्रिकेट सुरू झालें, आणि धांवा मोजतां मोजतां दोन्हीं बाजूंना एकमेकांचे अंक पाठ झाले. भांडणसुद्धां झालें. सणाच्या सुट्टीनंतर पहांटे तीनचाकी पावाची गाडी आली. ही गाडी बीथोव्हेनची एक प्रसिद्ध सुरावट कर्ण्यावर वाजवीत गल्लोगल्लीं फिरते. ती ऐकतांच पांचही पोरें धांवत सुटलीं. रोजचा खर्च पाहिला तर आमच्या सबंध प्रवासांत हेच दिवस सर्वांत स्वस्त पडले. तेव्हां आपल्या एका रुपयास सुमारें साडेतीन श्रीलंकी रुपये मिळत. पांच जणांची खोली, घरचें दोन वेळचें जेवण आणि शहाळीं, इतकें आपल्या तीन हजारांच्या आंत भागलें. तेथील केशरी रंगाच्या शहाळ्याला ‘तॅंबिलि’ म्हणतात. उन्हाळ्यांत मुलाला बाटलीबंद पेयांपेक्षां तें बरें.

जेवणाचा विषय निघाला आहे, तर शाकाहारी मंडळींस एक इशारा देतों. रस्त्यावरच्या खाणावळीला तिकडेही आपल्यासारखेंच ‘हॉटेल’ म्हणतात, आणि दुपारीं तेथें भात व चारपांच भाज्या पोटभर मिळतात. डाळीला ‘परिप्पु’ म्हणतात. ती नारळाच्या दुधांतली असून मुलांना फार रुचते. परंतु वरून निव्वळ शाकाहारी दिसणाऱ्या खोबऱ्याच्या चटणींत, आणि कित्येकदां पालेभाजींतही, ‘उंबलकड’ नांवाच्या सुक्या मासळीचा चुरा घालतात. तो नको असेल तर आधीं सांगावें. बसल्याबरोबर वाढपी न मागतां वडे, पाव, समोसे यांची ताटली पुढ्यांत आणून ठेवतो. घाबरूं नये, जितके खाल तितक्यांचेच पैसे. मात्र मुलांनीं प्रत्येकाला बोट लावून पाहिलें तर त्याला काय म्हणावें, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मग आम्हीं बसून नवीन बेत केला. नऊ गांवांपैकीं उरलेल्या पांचांवर काट मारली. अनुराधपुर गेल्याची मला अजून हळहळ वाटते. संघमित्रेनें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत भारतांतून नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तेथें आहे, आणि तो पाहावा असें माझ्या मनांत लहानपणापासून होतें. पण मुलांना आगगाडी पाहिजे होती. म्हणून कॅण्डीवरून थेट एल्ला, तेथें चार दिवस, आणि परत, एवढेंच ठेवलें.

कॅण्डी ते एल्ला हा सहासात तासांचा डोंगरी लोहमार्ग चहाच्या मळ्यांतून चढतो. पट्टिपोल हें त्यावरचें सर्वांत उंच स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारें १,८९० मीटरवर आहे. राखीव जागा महिनाभर आधीं सुटतात आणि भराभर संपतात; पण दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाचीं बिनराखीव तिकिटें त्याच दिवशीं खिडकीवर मिळतात, आणि तीं इतकीं स्वस्त आहेत कीं प्रथम मला ऐकण्यांत चूक झाली असें वाटलें. गर्दी मात्र असते. मुलें आळीपाळीनें अनोळखी आजींच्या मांडीवर बसलीं. डब्यांचीं दारें उघडीं असतात आणि बाहेर लोंबकळून छायाचित्रें काढणारे प्रवासी पुष्कळ. त्यांत माणसें दगावलीं आहेत. मुलांना दारापासून दूर, खिडकीशीं बसवावें. एल्ल्यापुढें नऊ कमानींचा पूल आहे. त्याहून आमच्या मुलांना दमोदर स्थानकाचें नवल अधिक वाटलें. उतार साधण्यासाठीं तेथें मार्ग एक मोठें वळण घेतो आणि बोगद्यांतून त्याच स्थानकाच्या खालून निघतो. म्हणजे मघाशीं आपण ज्या फलाटावर होतों, त्याच्याच पोटाखालून गाडी जाते. नातवानें सुतळी घेऊन खोलीच्या जमिनीवर तो मार्ग मांडला आणि मला समजावून दिला. त्या चार दिवसांत तो दमलों म्हणाला कीं आम्ही बसत होतों. नऊ कमानींच्या पुलापर्यंत पायीं जाण्यास तरुणांना अर्धापाऊण तास लागतो; आम्हांला दोन तास लागले, कारण वाटेंत एक सरडा होता.

आतां जाऊं इच्छिणारांसाठीं शेवटची सूचना. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘दितवा’ नांवाचें चक्रीवादळ त्या बेटावर आलें. पूर व दरडी यांत शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि डोंगरी लोहमार्गाची फार मोठी हानि झाली. म्हणून मीं वर्णन केलेला मार्ग कोठपर्यंत चालूं आहे, याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीं तेथील रेल्वेकडे करावी. वादळाची बातमी ऐकली त्या संध्याकाळीं नातू, आतां तो आठ वर्षांचा आहे, माझ्यापाशीं येऊन विचारूं लागला कीं पावाची गाडी बुडाली असेल काय. कन्येनें घरमालकास संदेश पाठविला. दोन दिवस उत्तर आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याच्या थोरल्या मुलीनें चार ओळी पाठविल्या : घर उभें आहे, शेतांत पाणी आहे, वीज नाहीं. आणि खालीं, आमच्या मुलांसाठीं, तिच्या हस्ताक्षरांतील कागदाचें छायाचित्र होतें. त्यावर आमच्या नातीनें शिकविलेले मराठी आंकडे एकपासून दहापर्यंत देवनागरींत काढलेले होते. नऊचा आंकडा उलटा पडला होता. नातीनें तो दुरुस्त करून परत पाठविला.